बुटातला कापूस

हॉटेलच्या काउंटरमागे एक बोळ आहे. इतका अरुंद, की दोघी समोरासमोर आल्या तर एकीला भिंतीला पाठ टेकून उभं राहावं लागतं. पाहुण्यांना तो दिसत नाही. त्यांना दिसते गुळगुळीत फरशी, मोठी फुलदाणी आणि हसऱ्या मुली. बोळाच्या टोकाला माणसाएवढा आरसा आहे आणि त्याच्यावर एक पांढरा दिवा, ज्याच्याखाली धडधाकट माणूसही आजारी दिसतो. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काउंटरवरच्या सहा मुली तिथे ओळीने उभ्या राहत, आणि काउंटरची मुख्य बाई हातात लाल पेन घेऊन त्यांच्यासमोरून चालत जाई.

मुली तिला इस्त्री म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर ‘मॅडम’. नाव चपखल होतं. ती अंगावरून गेली की सुरकुती उरत नसे, आणि जरा जास्त वेळ थांबली की माणूस करपे. वय बावन्न, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. ओरडायची गरज तिला कधी पडली नाही. “कॉलर कुणी चावली का गं?” एवढंच विचारून ती पुढे सरके, आणि फारच मनाविरुद्ध असलं तर वहीत त्या मुलीच्या नावापुढे फुली मारी. वर्षात तीन फुल्या झाल्या की नाव यादीतून बाद.

ही यादी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायीच घडलं. हॉटेल मुलींना अकरा महिन्यांच्या करारावर घेई. वर्षातून एकदा मॅनेजरच्या दाराबाहेर एक कागद लागे. त्यावर नाव आलं तर नोकरी कायम. आजारपणाची रजा, दवाखान्याचा खर्च, अगदी बाळंतपणाची रजासुद्धा. नाही आलं तर पुन्हा अकरा महिने, नाहीतर नमस्कार. आणि जिचं पोट दिसलं, तिचं नाव त्या कागदावर आजवर आलेलं नव्हतं. असा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. लिहायची गरजच काय? पोट दिसलं की त्या मुलीच्या कामात आपोआप चुका सापडायला लागत.

हॉटेल गणवेशही देत नसे. गणवेश दिला की शिलाई आली, धुलाई आली. नियम द्यायला काही लागत नाही. काळी पँट, पांढरा शर्ट आत खोचलेला, काळा कोट, काळे बंद बूट, सगळं ज्याचं त्याने आणायचं. काउंटरमागे खुर्ची नव्हती. स्वागत करणारी बसलेली दिसली तर हॉटेलच दमलंय असं पाहुण्याला वाटतं, हे मॅनेजरचं मत. त्याच्या स्वतःच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि त्यातली एक गोल फिरायची.

अशा ठिकाणी इस्त्रीची एक गोष्ट होती, आणि ती दर नव्या मुलीला ऐकावी लागे. गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. इस्त्री तेव्हा नुसती काउंटरवरची एक मुलगी होती, करारावरची, आणि तिला दिवस गेले होते.

“साडेआठ महिने याच फरशीवर उभी होते,” ती सांगे. “एका माणसाला कळलं नाही. चौथ्या महिन्यात पँटचं बटण लागेना. केसांचा रबर काजातून ओवला आणि बटणाला अडकवला. पाचव्यात पँटच्या दोन्ही बाजूंची शिवण कमरेपासून वीतभर उसवली आणि जुन्या बनियनचं कापड मध्ये शिवलं, हवं तेवढं ताणतं ते. शर्ट नवऱ्याचा, पण खांदे माझ्या मापाचे करून घेतले. खांदा नीट बसला की माणूस खाली बघतच नाही, हे लक्षात ठेवा. सहाव्यात कोटाचं बटण दोन बोटं सरकवलं. सातव्यात तेही लागेना, मग कोट उघडा आणि गळ्यात लांब काळा स्कार्फ, दोन्ही टोकं सरळ खाली. उभी रेघ दिसली की आडवं काही दिसत नाही. आणि पाय सुजले तर बूट एक नंबर मोठे. सकाळी पुढं कापूस भरायचा, दुपारी काढून टाकायचा. यादी लागली, पहिलं नाव माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

इथे ती थांबे. मुली कौतुकाने माना डोलवत आणि आपापल्या खांद्यांकडे बघत. पुढे काय झालं, हे कुणी विचारत नसे. विचारायचं काय त्यात? इस्त्रीच्या कपाटाच्या दाराला आतून एका हसऱ्या तरुणाचा फोटो चिकटवलेला होता. हा माझा मुलगा, असं ती कधी म्हणाली नव्हती. नाही, असंही म्हणाली नव्हती. मुलींनीच त्याला इंजिनिअर करून लांबच्या देशात नोकरीला पाठवून दिलं होतं.

तो तिच्या बहिणीचा मुलगा होता. इस्त्रीचं मूल जगलं नव्हतं. यादी लागल्यानंतर चौथ्या दिवशी पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब केव्हाचा चढलेला आहे. पाय सुजले, चेहरा सुजला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हाच यायला हवं होतं. इस्त्रीने तेव्हा बूट बदलले होते. हॉटेलला तिने कावीळ झाल्याचं कळवलं आणि तीन आठवड्यांनी कामावर हजर झाली. जे कुणाला दिसलंच नव्हतं, ते गेलं म्हणून कुणापाशी रडणार? पुढे दहा वर्षांनी ती काउंटरची मुख्य झाली तेव्हा तिने गोष्टीचा पहिला अर्धा भाग सांगायला सुरुवात केली, आणि तो इतका चांगला निघाला की दुसऱ्याची कुणाला गरजच भासली नाही. तिलाही नाही.

हे रामायण घडलं त्या वर्षी काउंटरवर एक उंच, काटकुळी मुलगी होती. तिला सगळे सुतळी म्हणत. तिचा नवरा कारखान्यातून कमी झालेला, घरी म्हातारी आई, आणि तिघांचं जेवण हिच्या करारावर चालायचं. एका दुपारी सुतळी इस्त्रीच्या मागोमाग चादरींच्या खोलीत आली, दार लोटलं आणि कोटाचं बटण काढून दाखवलं. पँटच्या काजात केसांचा रबर होता.

“मॅडम, मला तुमच्यासारखं करायचंय.”

“कितवा?”

“चौथा लागलाय.”

इस्त्रीने बोटांवर मोजलं. यादी लागेपर्यंत आठवा. तिने मुलीला फिरवून पाठीमागून पाहिलं, बाजूने पाहिलं, जशी शिंपी गिऱ्हाइकाला पाहतो. तिला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. सोळा वर्षं गोष्ट सांगत आली, पण ती करून बघायला आजवर कुणी आलं नव्हतं.

“जमेल,” ती म्हणाली. “काटकुळी आहेस म्हणून लवकर दिसेल, पण जमेल. दवाखान्यात सारखी जाऊ नकोस. वेळ मागितलास की कारण विचारतात.”

मग दर दोन आठवड्यांनी दुपारच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत दोघींची शिवणकामं चालत. इस्त्रीचे हात अजून सफाईदार होते. तिने पँट उसवली, बनियनचं कापड लावलं, कोटाचं बटण सरकवलं. पाचव्या महिन्यात तिने घरून एक पांढरा शर्ट आणला, जुना पण जाड, खांदे अरुंद केलेले. सुतळीने तो घातला आणि खांदे असे बसले की तिला हसू आलं.

“कुणाचा हो?”

“आहे घरातला. जपून वापर.”

बोळात मात्र इस्त्री तिच्यावर सगळ्यांत जास्त घसरे. मुद्दामच. “काय गं, सुतळीचा दोरखंड व्हायला लागला? घरी बाकीच्यांना ठेवतेस का काही ताटात?” पाचही मुली हसत. सुतळीही हसे. मुली ती जाडी झाली म्हणून हसत राहिल्या तर पोटाचा विचार त्यांच्या डोक्यात येणार नाही, असा हिशेब. कुणाला संशय येऊ नये म्हणून इस्त्रीने तिला त्या चार महिन्यांत दोन फुल्याही मारून ठेवल्या, एक नखांसाठी, एक बुटांवरच्या धुळीसाठी. अवघडलेल्या मुलीला कुणी इतकं छळत नाही, हे मॅनेजरलाही कळतं. एकदा तर तिने सुतळीला जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उशा पोहोचवायला पाठवलं, मॅनेजर बघत होता म्हणून. सुतळी परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

“छान,” इस्त्री हळूच म्हणाली. “त्याला वाटलं असेल, चरबी आहे.”

यादीला एक आठवडा उरला होता. सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी इस्त्री बोळात आली, हातातली टाचणी टाकायला कचऱ्याच्या डब्याकडे वाकली, आणि तशीच वाकून राहिली. डब्यात कापसाचे दोन बोळे होते. बुटाच्या पुढच्या टोकाचा आकार आलेले, कोरडे, स्वच्छ.

कापूस दुपारी निघतो. दिवसभर उभं राहून पाय फुगले की निघतो. हा सकाळी सातलाच निघाला होता, म्हणजे बुटात त्याला रात्रीच्या झोपेनंतरही जागा उरली नव्हती.

तिने ओळीकडे पाहिलं. सुतळी सगळ्यांत शेवटी उभी होती. पापण्या जड, गाल तुकतुकीत, बोटातली अंगठी गळ्यातल्या साखळीत गेलेली. इस्त्री तिच्यासमोर आली तेव्हा तिने विचारलं, “झोप झाली नाही का?”

“डोकं ठणकतंय मॅडम, दोन दिवस झाले. मधूनच डोळ्यांपुढं काजवे चमकतात.”

सव्वीस वर्षांत इस्त्रीने हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. स्वतःच्या डोक्यात मात्र रोज ऐकले होते.

“पाणी पी,” ती म्हणाली आणि पुढे गेली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ती सांगायचं ठरवी, आणि ऐन वेळी एखाद्या मुलीची कॉलर वाकडी दिसे. सांगायचं म्हणजे गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगायचा. मग पहिल्याचं काय? सोळा वर्षं ज्यावर ती ताठ उभी होती ते हेच तर होतं. त्याशिवाय ती कोण? दुसऱ्यांच्या कॉलरी बघणारी एक बाई. बुधवारी संध्याकाळी घरी नवरा खिडकीपाशी बसून किल्ली घासत होता. तो कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा, आणि फार बोलायचा नाही. तिने बूट काढले तेव्हा वर न बघताच त्याने विचारलं.

“कपाटात खाली ठेवलेला तो पांढरा शर्ट कुठं गेला?”

“दिला.”

“कुणाला?”

“कामावरच्या एका मुलीला. तिला दिवस गेलेत.”

कानस थांबली.

“कितवा तिला?”

“आठवा.”

“पाय?”

ती बूट जागेवर लावत राहिली.

“पाय सुजलेत का, विचारतोय मी.”

“सकाळपासूनच.”

“मग तू इथं काय करतेस?”

“अहो, सोमवारी यादी आहे. पाच दिवसांचा प्रश्न आहे फक्त.”

“तेव्हाही हेच म्हणाली होतीस,” तो म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा, आणि त्यामुळेच तिला तो सहन झाला नाही. “तेव्हा मी गप्प बसलो. त्या शर्टाचे खांदे मीच उसवून दिले होते तुला. तू झोपेत कण्हत होतीस आणि मी आपला शिवण उसवत बसलो होतो. सांग तिला.”

“आणि ती सगळ्यांना सांगेल, त्याचं काय?”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला अट्ठावीस वर्षं झाली होती, आणि ही बाई कोण, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याने किल्ली पुन्हा पकडीत लावली आणि घासायला घेतली.

शुक्रवारी दुपारी तिने सुतळीला चादरींच्या खोलीत बोलावलं. गुरुवार कुठे गेला, हे विचारू नका. गुरुवार भीतीला दिला.

“आत्ता दवाखान्यात जा,” इस्त्री म्हणाली. “इथून थेट. उद्यापासून येऊ नकोस.”

सुतळी हसली. “मॅडम, तीन दिवस राहिलेत.”

“पाय सुजलेत तुझे.”

“म्हणून तर बूट एक नंबर मोठे. तुम्हीच सांगितलंत.”

“चेहरा सुजलाय.”

“खाऊन सुटलेय ना मी. तेही तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर.”

इस्त्री चादरींच्या ढिगावर बसली. या खोलीत ती बसलेली सुतळीने पहिल्यांदाच पाहिली.

“माझं गेलं,” इस्त्री म्हणाली.

“काय गेलं?”

“बाळ. मुलगी होती. पाय असेच, डोकं असंच, काजवे असेच. यादी लागली आणि चौथ्या दिवशी गेलं. इथं मी कावीळ झाली म्हणून सांगितलं. तो फोटो माझ्या बहिणीच्या मुलाचा आहे.”

सुतळीने शर्टाची बाही दोन बोटांनी पकडली, सोडली. मग शर्ट कुणाचा हे तिला कळलं असावं, कारण तिने बाही झटकली.

“चार महिने तुम्ही मला सुईदोरा घेऊन सजवत होतात,” ती म्हणाली. “आणि आज सांगताय?”

“आज तरी सांगतेय.”

“यादीच्या तोंडावर. वा. आता माझंही जमतंय असं दिसल्यावर तुमची गोष्ट एकटीची राहणार नाही, म्हणून ना?”

“तुझी शपथ, खरं सांगतेय.”

“खरं असेल. किंवा नसेल. तुम्ही सोळा वर्षं सगळ्यांना एक सांगता, मला आज दुसरं सांगता. कशावर विश्वास ठेवू? मी आज गेले तर नोकरी जाणार, हे मात्र नक्की आहे. नवरा घरी बसलाय, आई घरी बसलीय. बाळ आलं तरी त्याला घालू काय?”

“मग मी मॅनेजरला सांगते.”

“सांगा.” सुतळीने कोट नीट केला, स्कार्फची दोन्ही टोकं सरळ केली, अगदी शिकवल्याप्रमाणे. “मग मीही बोळात उभी राहून तुमच्या गोष्टीचा शेवट सांगते. फोटोचं सांगते. काविळीचं सांगते. मग बघू, कोण तुमच्यासमोर ताठ उभं राहतं ते.”

ती गेली. इस्त्री चादरींवर बसून राहिली. मॅनेजरची खोली तिथून वीस पावलांवर होती.

ती वीस पावलं ती चालली नाही. पण मॅनेजरशिवायही एक रस्ता होता, आणि तो तिच्या खिशातच होता. सुतळीच्या दोन फुल्या झालेल्या होत्या. तिसरी मारली की नाव बाद; नाव बाद झालं की लपवायला काही उरत नव्हतं. मग ती मुलगी रडली असती, शिव्या दिल्या असत्या, आणि दवाखान्यात गेली असती.

शनिवारी सकाळी सात दहाला इस्त्री ओळीसमोरून चालत शेवटी पोहोचली. सुतळीच्या शर्टाचा एक कोपरा कमरेपाशी बाहेर आलेला होता. इतकं सोपं होतं ते. शर्ट बाहेर म्हणजे फुली, दुसऱ्या कुणालाही तिने तिथल्या तिथे मारली असती. तिने वही उघडली. पेन कागदावर टेकलं, लाल ठिपकाही उमटला.

सुतळी आरशातून तिच्याकडे बघत होती. गयावया नव्हती त्या नजरेत. तिने फक्त ओठ उघडले आणि घसा साफ केला, कुणीतरी गोष्ट सांगायला सुरुवात करताना करतं तसा. बाकीच्या पाच जणींनी माना वळवल्या.

“शर्ट आत घे,” इस्त्री म्हणाली, आणि वही मिटली.

सोमवारी यादी लागली. सुतळीचं नाव चौथं होतं. तिने ते मुलींना वाचून दाखवायला लावलं, कारण तिला अक्षरं नीट दिसत नव्हती. तीन वाजेपर्यंत ती काउंटरला उभी राहिली. एका पाहुण्याला तिने भलत्याच खोलीची किल्ली दिली. इस्त्रीने ती काढून घेऊन दुसरी दिली आणि हसून माफी मागितली. कामाची पाळी संपल्यावर सुतळी मागच्या दाराने, भिंतीला हात लावत लावत बाहेर पडली, आणि घराच्या जिन्यात तिला पहिला झटका आला.

झटके दोन दिवस येत राहिले. ती वाचली. मूल पोटातच गेलेलं होतं. मुलगा होता.

हॉटेलात तिच्या आईने कावीळ झाल्याची चिठ्ठी आणून दिली. मॅनेजरने ती वाचली आणि कपाळावर हात मारला. “कायम झाली नाही तोच आजारी पडली,” तो इस्त्रीला म्हणाला. “यादी आठवडाभर उशिरा लावली असती तर वाचलो असतो.” इस्त्रीने मान हलवली. कावीळ हा शब्द वाचून ती तिथेच उभी राहिली होती; त्याने बाहेर जायची खूण केल्यावरच हलली.

ती एकदा दवाखान्यात गेली. खोलीच्या दारापर्यंतच. सुतळीची आई बाहेर बाकावर बसलेली होती. तिने ओळखलं, आणि इस्त्रीचे दोन्ही हात हातात घेतले.

“तुमच्याबद्दल फार बोलायची हो,” म्हातारी म्हणाली. “म्हणायची, आई, सख्ख्या मावशीनं केलं नसतं एवढं मॅडमनी केलं माझ्यासाठी. सगळं शिकवलं.” आणि ती तिच्या हातांवर डोकं ठेवून रडली. हात सोडवून घेता येईनात. इस्त्री कितीतरी वेळ तशीच वाकून उभी होती.

सुतळी दोन महिन्यांनी कामावर आली. पुन्हा काटकुळी झालेली. कोट बंद, शर्ट चारी बाजूंनी आत खोचलेला, बूट आपल्या मापाचे. पहिल्या दिवशी तिने इस्त्रीच्या कपाटावर एक पुडकं ठेवलं. आत तो पांढरा शर्ट होता, धुतलेला, कडक इस्त्री केलेला. इस्त्रीने तो घरी नेला आणि कपाटात तळाशी ठेवला. नवऱ्याने तो पाहिला, आणि त्याला विचारावं लागलं नाही. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला: दूध आणलंय, दिवा बंद कर.

बोळात दोघींमध्ये एक शब्दही जास्तीचा झाला नाही. सुतळीने कुणालाही काही सांगितलं नाही. इस्त्री रोज वाट बघे. पण सुतळी ताठ उभी राही, समोर बघे, आणि तिच्या कपड्यांत कधी खोट सापडत नसे. इस्त्रीने स्वतःची गोष्ट सांगणं मात्र बंद केलं. जुन्या मुलींनी एकदा आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, “झालं की आता, किती वेळा तेच.”

यादी लागून अर्धं वर्ष उलटून गेलं. काउंटरवर एक नवी मुलगी आली होती, गोल चेहऱ्याची, सारखं हसायची सवय असलेली. एका सकाळी ओळ लागायच्या आधी इस्त्री बोळाच्या तोंडाशी वही चाळत उभी होती. आरशासमोर नवी आणि सुतळी दोघीच होत्या. नवीने इकडेतिकडे पाहिलं, कोट बाजूला केला आणि सुतळीला काहीतरी दाखवलं. केसांचा रबर.

“यादी पाच महिन्यांवर आहे,” नवी कुजबुजली. “काय करू गं ताई?”

सुतळीने आरशातून मागे पाहिलं. तिथे इस्त्री होती. दोघींची नजर एकमेकींत अडकली, आणि मग सुतळी बोलायला लागली, सावकाश, प्रत्येक शब्द इस्त्रीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात.

“मीही केलंय. याच फरशीवर. एका माणसाला कळलं नाही. पाचव्यात पँटची शिवण वीतभर उसव, बनियनचं कापड लाव. शर्ट नवऱ्याचा घे, पण खांदे आपल्या मापाचे कर. खांदा नीट बसला की माणूस खाली बघतच नाही. सहाव्यात कोटाचं बटण सरकव. सातव्यात कोट उघडा, स्कार्फची टोकं सरळ खाली. पाय सुजले तर बूट एक नंबर मोठे. यादी लागली, नाव माझं होतं.”

ती थांबली. नेमकी तिथेच.

“आणि मग?” नवीने विचारलं.

सोळा वर्षांत हा प्रश्न इस्त्रीला कुणी विचारला नव्हता. या गोल चेहऱ्याच्या मुलीने तो सहज विचारला, जणू वेळ विचारावी.

“ते मॅडमना विचार,” सुतळी म्हणाली. “मूळ गोष्ट त्यांची आहे.”

नवी वळली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतं आणि एक हात नकळत पोटावर गेलेला होता. सुतळी आरशातूनच बघत राहिली. आता तिच्या नजरेत धमकी नव्हती. ती वाट बघत होती, आणि ती कशाची वाट बघतेय हे इस्त्रीला पुरतं कळत होतं: बाई एकदा तरी बोलते का, निदान या मुलीसाठी तरी. बोळात पावलं वाजली. बाकीच्या मुली येत होत्या. बोलायचं तर हीच वेळ होती.

इस्त्रीने लाल पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“सकाळी बुटात पुढं कापूस भरायचा,” ती नवीला म्हणाली. “दुपारी काढून टाकायचा. चल, ओळीत उभी राहा.”